‘बरं हाये’ची नोंद

माझा पुतण्या सणसवाडीला एका कारखान्यात कामाला आहे. दर रविवारी सकाळी त्याचा गावी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “कसं हाये आजी?” उत्तरही ठरलेले, “बरं हाये. मले काय धाड भरली?” मग पाऊस, सोयाबीनचा भाव, कोणाकडे पाळणा हलला याच्या गप्पा व्हायच्या आणि फोन बंद व्हायचा. आईने हे उत्तर सगळ्यांनाच दिले. घरी येणाऱ्या आशाताईला दिले, मला दिले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, डोळ्यावर पट्टी असताना, भेटायला आलेल्या व्याह्यांनाही दिले.

एका हिवाळ्यात मात्र ती पुतण्याला म्हणाली, “आता काई बरं वाटत नाई रे बाप्पा.” पोरगा घाबरला आणि त्याने मला फोन केला. मी मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तिला गाडीत घातले आणि डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, लघवी तपासली, छातीचा फोटो आणि हृदयाची पट्टी काढली. वयाच्या मानाने सगळे ठीक आहे, असे सांगण्यात आले. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि परतीच्या वाटेवर तिची थट्टाही केली. ती काही बोलली नाही. होळीच्या आधी ती गेली.

मागे वळून पाहिले तेव्हा खुणा दिसू लागल्या. ताटात भाकरीचा चतकोर उरायला लागला होता. देवळातल्या हरिपाठाला जाणे कार्तिकातच सुटले होते. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाल्यापासून तिने महिन्याची शेगावची खेप कधी चुकवली नव्हती. ती खेपही दोन महिने झाली नव्हती आणि कारण विचारले तर “गर्दी असते” एवढेच म्हणाली होती. कागदावर काहीच नव्हते, पण तिला ठाऊक होते.

एका घरची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पस्तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवताना सांगत आलो. आपल्याला आठवतात त्या खऱ्या ठरलेल्या शंका. खोट्या ठरलेल्या आपण विसरून जातो. ‘आता काही खरं नाही’ असे दर दिवाळीला म्हणणारे आणि नातवाच्या लग्नात पंगत वाढणारे म्हातारे गावोगाव आहेत. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की म्हातारी माणसे स्वतःच्या प्रकृतीबद्दल जे सांगतात, त्यात खरोखर काही दडलेले असते का? आणि असेल, तर ते शोधायचे कसे? हा प्रश्न एका मराठी डॉक्टरने महाराष्ट्रातल्याच खेड्यांत रीतसर विचारला. ज्येष्ठांच्या आरोग्यावरील या पुस्तकाला प्रस्तावना लिहा, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी वैद्य नाही ही अडचण मी पुढे केली. नंतर वाटले, त्या प्रश्नाची गोष्ट सांगायला वैद्य असण्याची गरज नाही.

त्या डॉक्टरांचे नाव सिद्धिविनायक हिरवे आणि त्यांच्या कामाचे गाव वढू बुद्रुक, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. मराठी माणसाला वढू ठाऊक असते ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. आई सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. त्यांना वाढवले ते आजीने, जिजाऊंनी. त्या आजीचे जन्मगाव सिंदखेड राजा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले. आजी इकडची, नातू तिकडे. आमच्या घरातही तेच झाले, कारण सणसवाडी वढूपासून फार दूर नाही. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत वऱ्हाड-मराठवाड्याची किती पोरे आहेत, ते तिथल्या भाड्याच्या खोल्यांबाहेर उभे राहून बोली ऐकली की कळते.

वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम सत्तरच्या दशकात उभे राहिले ते डॉ. बानू कोयाजी यांच्यामुळे. आजारी माणूस शहरातल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो, तेव्हा रुग्णालयानेच गावात जावे, हा त्यांचा आग्रह. गावातल्याच लोकांना शिकवून आरोग्याचे काम त्यांच्या हाती देण्याची वाट त्यांनी धरली. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाने गावकऱ्यांचा जो विश्वास कमावला, त्याच्यावर पुढचे संशोधन उभे आहे. दारात आलेल्या माणसाला बाई खरे उत्तर देते ती त्याच्या ओळखपत्राकडे बघून नव्हे. याच लोकांनी आपल्या सुनेचे बाळंतपण सांभाळले होते, हे तिला आठवत असते.

2002 मध्ये या भागातल्या 22 गावांत लोकसंख्येची कायमची नोंद सुरू झाली. ही पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. आपली जनगणना दहा वर्षांनी व्हायची असते आणि दोन जनगणनांच्या मध्ये कोण जन्मले, कोण गेले, कोण सासरी गेले, कोण कामासाठी आले याचा धागा तुटतो. वढूला तो तुटू दिला जात नाही. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक माणसाला क्रमांक, आणि दर सहा महिन्यांनी कार्यकर्ता पुन्हा त्याच उंबऱ्याशी उभा. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर यांची नोंद करायची. मृत्यू झाला असेल तर घरच्यांना शेजारी बसवून शेवटच्या दिवसांची लक्षणे विचारायची: ताप होता का, दम लागत होता का, सूज होती का, किती दिवस अंथरुणावर होते. डॉक्टर त्यावरून मृत्यूचे बहुधा काय कारण असावे हे ठरवतात. खेड्यात म्हातारे माणूस घरी जाते आणि दाखल्यावर फार तर ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. अशा ठिकाणी या चौकशीवाचून दुसरा मार्ग नसतो.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक आणि पांढरा कोट येतो. इथे मात्र धुळीची वाट, कुलूप लावलेले घर, शेतात गेलेला कर्ता पुरुष, संध्याकाळी पुन्हा फेरी आणि मागच्या वेळी सांगितलेले वय या वेळी दहा वर्षांनी वाढलेले, असे सगळे असते. कंटाळा सोसण्याची ताकद हा या विद्येचा पहिला गुण. वर्षानुवर्षे त्याच गावांत परत जाण्याची तयारी नसेल, तर म्हातारपणावर संशोधन करताच येत नाही. ताप तीन दिवसांत उतरतो. म्हातारपणाची वाट वीस-पंचवीस वर्षांची आणि माणूस त्या वाटेवर कुठे घसरला हे पाहायला शेजारून चालावे लागते.

2007 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व वृद्ध माणसांच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. भारत, चीन, रशिया, मेक्सिको, घाना आणि दक्षिण आफ्रिका हे त्यातले सहा देश. त्याच अभ्यासाची आटोपशीर प्रश्नावली वढूसारखी कायमची नोंद ठेवणाऱ्या आशिया-आफ्रिकेतल्या आठ ठिकाणी नेण्यात आली. बांगलादेशातले मतलब, इंडोनेशियातले पुरवोरेजो, घानातले नवरोंगो, केनियातली नैरोबीची झोपडवस्ती यांच्या पंक्तीला आपले वढू बसले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना विचारायचे होते. वढू परिसरात पाच हजारांहून अधिक माणसांनी उत्तरे दिली.

प्रश्नावलीच्या अगदी आरंभी साधा प्रश्न होता. एकंदरीत पाहता आज तुमची प्रकृती कशी आहे? उत्तरे पाच: खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. म्हणजे माझा पुतण्या दर रविवारी विचारायचा तोच प्रश्न, फक्त उत्तराला पाच खण पाडलेले.

त्यानंतर गेल्या तीस दिवसांत काय करताना किती अडचण आली, याची चौकशी होती. अर्धा तास उभे राहणे, किलोमीटरभर चालणे, अंग धुणे, कपडे घालणे, घरची कामे करणे, दहा मिनिटे एकाच गोष्टीवर लक्ष ठेवणे, अनोळखी माणसांशी बोलणे, मैत्री टिकवणे, गावच्या कार्यक्रमात सामील होणे. कागदावर ही यादी रुक्ष दिसते. आमच्या जिल्ह्यात ती नेऊन बघा. अर्धा तास उभे राहणे म्हणजे श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेच्या रांगेत उभे राहणे. किलोमीटरभर चालणे म्हणजे गावापासून फाट्यापर्यंत जाऊन एसटी पकडणे. अंग धुणे म्हणजे मोरीत खाली बसणे आणि, जास्त कठीण ते, पुन्हा उठणे. गावच्या कार्यक्रमात सामील होणे म्हणजे हरिपाठ. आईच्या बाबतीत यांतल्या दोन-तीन खणांवर त्या कार्तिकातच खूण करता आली असती. आमच्याकडे खणही नव्हते आणि खूण करणारेही कोणी नव्हते.

पहिल्या पाहणीतून जे दिसले त्याने फार कोणी चकित झाले नसेल: वय वाढले की प्रकृतीचे मोजमाप घसरते, पुरुषांपेक्षा स्त्रिया आपली प्रकृती अधिक वाईट सांगतात आणि शाळेची पायरी चढलेल्यांची स्थिती न चढलेल्यांपेक्षा बरी असते. यातली तिसरी गोष्ट मात्र थांबून वाचावी अशी आहे. सत्तर वर्षांच्या बाईचा गुडघा आज जसा आहे, त्यात तिला सातव्या वर्षी शाळेत न घातल्याचाही वाटा आहे. न शिकलेली बाई आयुष्यभर मजुरी करते, पाणी वाहते, दुखणे अंगावर काढते. म्हातारपण साठीला सुरू होते ही सरकारी सोय झाली. शरीराचे खाते त्याच्या फार आधी उघडलेले असते.

खरी कसोटी पुढे होती. उत्तरे देणारी ही माणसे कायमच्या नोंदीत होती, त्यामुळे पुढच्या वर्षांत त्यांच्यातले कोण हयात राहिले आणि कोण गेले हे कळत गेले. हिरवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 ची उत्तरे आणि नंतरचे मृत्यू समोरासमोर मांडले. त्यांचा निबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आपली प्रकृती वाईट किंवा खूप वाईट आहे असे ज्यांनी सांगितले होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका चांगली प्रकृती सांगणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळला आणि वयाचा हिशेब जमेस धरूनही तो उरला. हा संबंध स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक ठळक होता.

अमेरिका-युरोपात असे निष्कर्ष आधीच निघाले होते. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी 1997 मध्ये अशा 27 अभ्यासांचा आढावा घेतला होता. पण ते बहुतेक शिकलेल्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या, रक्तदाबाचा आकडा पाठ असलेल्या समाजांतले अभ्यास. जिने आयुष्यात एकदाही रक्त तपासलेले नाही, जिला आपले जन्मवर्ष दुष्काळावरून सांगावे लागते, तिच्या उत्तरात तेवढाच अर्थ असेल का, याबद्दल शंका होती. वढूच्या ओसरीवरून उत्तर आले की असतो.

का असतो? एक समजूत अशी की माणूस स्वतःची प्रकृती सांगताना नकळत बेरीज करतो. पायऱ्या चढताना लागलेला दम, सैल झालेले पोलके, मध्यरात्री उघडलेला डोळा, भावाला याच वयात आलेला झटका, गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी शेताच्या बांधापर्यंत जायला लागणारा जास्तीचा वेळ. डॉक्टर एका दिवसाचा आकडा पाहतात. माणसाला आपल्या देहाचा उतार ठाऊक असतो. स्त्रियांच्या बाबतीत उत्तर थोडे कमी बोलके ठरते त्याचे एक कारण असे सांगितले जाते की त्यांच्या बेरजेत न मारणारी पण न सोडणारी दुखणीही पुष्कळ असतात. गुडघे, कंबर, पाठ. प्राण जात नाही, पण बरेही वाटत नाही.

इथे एक जबरदस्त आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून ही प्रस्तावना पुढे नेणे अप्रामाणिक ठरेल. तो आक्षेप अमर्त्य सेन यांचा. 2002 मध्ये त्यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की भारतात सर्वांत जास्त आयुष्य केरळच्या लोकांना लाभते आणि ‘आम्ही आजारी आहोत’ असेही तेच सर्वाधिक सांगतात. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि आजाराची तक्रारही कमी. म्हणजे लोकांचे शब्द जसेच्या तसे धरले, तर बिहार निरोगी आणि केरळ रोगी ठरेल. शिक्षण आणि दवाखाना जवळ आला की माणसाला आपले दुखणे ओळखता येते. जिथे दोन्ही नाही तिथे दुखण्यालाच आयुष्य समजतात. “मले काय धाड भरली” या वाक्याची याहून नेमकी चिकित्सा मला तरी सापडलेली नाही.

सेन यांचे म्हणणे खरे आणि वढूचा निष्कर्षही खरा, हे कसे? एकाच मुलखातल्या, एकाच रीतीने बोलणाऱ्या माणसांत वाईट म्हणणारा आणि चांगले म्हणणारा यांच्यातला फरक अर्थपूर्ण असतो. पण एका मुलखाचे ‘बरं’ दुसऱ्या मुलखाच्या ‘बरं’शी तोलता येत नाही, कारण मापच वेगळे. संशोधकांनी यावर एक युक्ती वापरली, तिच्यात मराठी माणसाला गोष्टी सांगण्याची आपली रीत दिसेल. उत्तर देणाऱ्याला आधी दुसऱ्याच कोणाची हकिगत सांगायची. समजा, अशी: एक बाई आहेत, घरातल्या घरात फिरतात, पण विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावे लागते, यांना चालण्याची अडचण किती आहे असे तुम्ही म्हणाल? एकीने त्याला ‘काही नाही’ म्हटले आणि दुसरीने ‘फार’ म्हटले, तर दोघींच्या मनातली मोजपट्टी कळते. मग त्या स्वतःबद्दल जे सांगतील ते त्या पट्टीने वाचायचे. ही युक्तीही सगळीकडे बिनचूक लागू पडते का, हे हिरव्यांनी आशिया-आफ्रिकेतल्या ठिकाणांच्या माहितीवर पुन्हा तपासून पाहिले. आपल्याच हत्याराची धार स्वतः तपासणे हा संशोधकाचा दुसरा गुण मानावा.

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात त्यांनी 2014 मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक आहे. आशय असा की एकंदरीत, आज तुम्हाला कसे वाटते? त्यांची कारकीर्द या एका विषयापुरती नाही. फ्लूमुळे खेड्यातली किती माणसे रुग्णालयात दाखल होतात, याची मोजणी वढू आणि हरियाणातले बल्लभगढ इथे झाली, तीत ते होते. बिहारकडच्या काळा आजाराच्या निर्मूलनावरच्या संशोधनातही त्यांचे नाव आढळते. एका प्रश्नासाठी सबंध प्रबंध खर्च करण्याचे वाचकाला नवल वाटेल. पण ज्या तपासणीला सुई नाही, यंत्र नाही, वीज नाही आणि जी आशाताईला एका मिनिटात करता येते, तिच्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे कोणी तरी एकदा कसोशीने ठरवायलाच हवे होते.

वढू एकटे नाही. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली, तेव्हा गावकऱ्यांच्या तक्रारींत पहिला क्रमांक दुखऱ्या हाडा-सांध्यांचा निघाला. आरोग्याच्या सरकारी यादीत मात्र तेव्हा गुडघ्याला जागाच नव्हती. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. दिसायला किडकिडीत पण अंगात चरबी जास्त, अशी आपली बाळे जन्मतात आणि उतारवयातल्या मधुमेहाची बीजे तिथेच शोधावी लागतात, हे त्यातून जगाला कळले. आणि 2017-18 मध्ये मुंबईच्या देवनार इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. हाताच्या मुठीची ताकद यंत्रावर मोजली, चार मीटर चालायला लागणारा वेळ घड्याळावर मोजला. साठीपुढच्या पुष्कळ माणसांना किमान एक दीर्घकाळचा आजार आहे, असे तिच्यातून दिसले.

स्मरणशक्ती तपासणे याहून नाजूक. ‘आज तारीख काय’ हा प्रश्न पाश्चात्त्य चाचणीत हमखास असतो. माझ्या आईला तारीख कधीच ठाऊक नसायची, तिथी मात्र चुकत नसे. बल्लभगढला डॉ. मेरी गांगुली यांच्या गटाने नव्वदच्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बेतली, तीत आता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, असे विचारले. प्रश्न ज्याच्या आयुष्यातला नाही त्याला तो विचारून ‘बुद्धी गेली’ असा शेरा मारणे हा अन्यायच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्याचे 13 तालुके आहेत आणि बोलताना आपण त्यांचे दोनच भाग करतो, घाटावर आणि घाटाखाली. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडाला लावता येत नाही आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार गावोगाव ऐकू येते. जन्मभर खारे पाणी प्यायलेल्या माणसाचा रक्तदाब सत्तरीत कसा असतो? घाटावरच्या त्याच वयाच्या माणसाहून वेगळा असतो का? ज्या घरातला कर्ता कर्जापायी गेला, त्या घरच्या म्हाताऱ्या आईची झोप कशी असते? विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी 2006 मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यांत आपला जिल्हा होता. कर्जाचा हिशेब झाला. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या प्रकृतीचा हिशेब वढूच्या रीतीने, त्याच उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा जाऊन, मांडायला हवा.

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या आल्या, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, धान्याचे नमुने गेले, सेलेनियम हा शब्द पारावर ऐकू येऊ लागला. आले ते योग्यच झाले. पण केस तीन दिवसांत गळतात म्हणून बातमी होते. ऐकू येणे दहा वर्षांत हळूहळू कमी होते आणि म्हातारा पंगतीत गप्प बसू लागतो, याची बातमी होत नाही. “आबाजी आता फार बोलत नाहीत, देवाधर्मात असतात,” असे घरचे कौतुकाने सांगतात.

या पुस्तकातले लेख त्या हळूहळू घडणाऱ्या गोष्टींबद्दल आहेत. दृष्टी, श्रवण, गुडघे, पडणे, झोप, स्मरण, औषधांच्या गोळ्यांचा वाढता डबा आणि शेवटचे आजारपण. त्यात काही ठिकाणी आकडे येतील. ते वाचताना कंटाळा आला, तर एवढे मनात धरावे की प्रत्येक आकड्यामागे कोणी तरी एक दार ठोठावले आहे, ‘शेतात गेले, संध्याकाळी या’ हे ऐकले आहे आणि तो संध्याकाळी पुन्हा आला आहे.

2024 मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातल्या माणसांना यापुढे अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला कमी जावे लागेल, अशी आशा सगळ्यांना आहे, मलाही आहे. माझी मागणी तिच्याहून लहान आणि बहुधा अवघड आहे. तिथल्या मुलामुलींनी पहिल्या वर्षी प्रत्येकी पाच म्हातारी माणसे धरावीत, दोन घाटावरची आणि तीन घाटाखालची. एकच प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहावे. सहा महिन्यांनी परत जावे आणि तोच प्रश्न विचारावा. साडेचार वर्षांचे शिक्षण संपेपर्यंत नऊ फेऱ्या होतील. काही घरी पाचव्या-सहाव्या फेरीला भिंतीवर हार घातलेला फोटो दिसेल. तेव्हा वहीतली मागची दोन उत्तरे काढून वाचावीत.

पुतण्या आता रविवारी मला फोन करतो. मीही साठी ओलांडली आहे. परवा त्याने विचारले, “कसं हाये काका?” आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, “बरं हाये.” तो थोडा थांबला आणि म्हणाला, “तसं नाई. मागच्या दिवाळीपक्षा कसं हाये?” मला उत्तर द्यायला वेळ लागला. राजूर घाटाच्या रस्त्यावर सकाळी फिरायला जातो, तिथल्या दुसऱ्या वळणावर हल्ली मी थांबतो, हे मी त्याला सांगितले.